क्लचचा डावा कान

दोन माणसांची गाडी, आणि त्यातला एक ड्रायव्हर. आदेशशेठनं असली गाडी घेतली तेव्हा नारायणगावात हसणाऱ्यांनी पोटभर हसून घेतलं. दोन हजार तीन साल होतं. पेठच्या या बागायतदाराची द्राक्षं परदेशी जायला लागली होती, आणि त्यानं पुण्यातून जुनी, लाल, फायबरच्या अंगाची स्पोर्ट्स गाडी उचलली. चालवायची मात्र स्वतः नाही. बागायतदार डावीकडं बसतो, मोबाइलवर बोलतो आणि गाडी ड्रायव्हर चालवतो. हा रिवाज एका गाडीपायी मोडायचा म्हणजे काय? आता बायकोला कुठं न्यायचं झालं तर शेठ तरी घरी राहणार, नाहीतर ड्रायव्हर तरी. पण तो त्यांच्या घरचा प्रश्न. सावळेराम मिस्त्रीचा प्रश्न क्लच पेडलचा होता.

सावळेरामचं गॅरेज जुन्नर रस्त्याला. वीस वर्षं त्यानं जीपा आणि ट्रॅक्टरांत काढलेली. त्याच्या वेल्डिंगचा टाका सुटला असं कोणी नुसतं म्हटलं तरी त्याचं डोकं फिरायचं. आणि इथं दोन महिन्यांत लाल गाडी तिसऱ्यांदा त्याच्या दारात ढकलत आणली होती, तिन्ही वेळा दुखणं एकच. पेडल ज्या ब्रॅकेटला टांगलेलं असतं, तो ब्रॅकेटच पायापुढच्या पत्र्यापासून सुटलेला. पहिल्यांदा सावळेरामनं नुसतं वेल्डिंग केलं. दुसऱ्यांदा पाच एमएमची पट्टी मारली आणि छातीठोकपणे सांगितलं, आता हत्तीनं पाय दिला तरी हलायचं नाही. हत्ती काही आला नाही. भिका आला, आणि तुटलं.

भिका म्हणजे शेठचा ड्रायव्हर. आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात भात आणि नाचणी करणाऱ्या घरातला. चौदा वर्षं त्यानं नारायणगाव ते जुन्नर, सीट भरून धावणारी वडापची जीप चालवली. मालकानं जीप विकली आणि भिका वर्षभर घरी बसला. मग ही नोकरी लागली. महिना भरला की पगार, हा प्रकार त्याच्या खानदानात कुणी पाहिलेला नव्हता. बायको बायडाबाई तर पहिल्या पगाराच्या दिवशी देवाला नारळ फोडून आली होती. आणि आता शेठचा निरोप होता, की उद्या दुपारी गाडी न्यायला येतो; दोष गाडीत आहे का ड्रायव्हरात, तेवढं मिस्त्रीनं तोंडावर सांगावं. गाडीत असला तर पुन्हा एकदा दुरुस्त करू. ड्रायव्हरात असला तर पुण्याहून दुसरा आणू.

भिका सकाळपासून गॅरेजच्या पायरीवर बसून होता. चहा आणला तर तोही त्याच्या हातात निवला.

सावळेराम गाडी बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत खाली आडवा झाला. कागदासारखा पत्रा, म्हणे स्पोर्ट्स. पण ब्रॅकेट खोलून उजेडात धरला आणि त्याचं तोंड मिटलं. त्याची पट्टी जशीच्या तशी होती. एक टाका हललेला नव्हता. पेडलची पिन ब्रॅकेटच्या दोन कानांत, म्हणजे उभ्या पाकळ्यांत बसते, त्यातला डावा कान बाहेर वाकला होता, आणि पत्रा फाटला होता तो उजव्या बाजूनं. पिनेभोवतीच्या बुशचं भोक डावीकडं लांबट झालं होतं. पेडलचं रबर पाहिलं तर ते फक्त उजव्या कडेला झिजलेलं. म्हणजे पाय पुढं दाबत नव्हता, आडवा ढकलत होता. त्यानं दोन्ही वेळा मजबुती दिली होती ती पुढच्या जोराला. बाजूच्या जोराचा त्यानं विचारच केला नव्हता. कोण करेल?

त्यानं ब्रॅकेट तात्पुरता टाक्यावर बसवला आणि भिकाला आत बसून क्लच दाबायला सांगितलं.

भिका बसला. उजवा खांदा दाराला, अर्धं ढुंगण सीटच्या उंच कडेवर, कंबर वाकडी, आणि डावा पाय तिथून तिरका लांबवलेला. गियर आणि मांडी यांच्यात चांगली वीतभर जागा मोकळी. सावळेराम बघतच राहिला. वडापच्या जीपमध्ये तो स्वतः शंभरदा असा बसून आला होता, ड्रायव्हरच्या डाव्या बरगडीला चिकटून, गियरचा दांडा गुडघ्यांत धरून. पुढं चार माणसं भरल्याशिवाय जीप हलायची नाही, आणि ड्रायव्हर बिचारा निम्मा दाराबाहेर. चौदा वर्षं भिका असाच चालवत होता. ती जीप रणगाड्यासारखी, तिनं सोसलं. हे फायबरचं पोर कसं सोसणार?

मिस्त्रीनं आधी हसून घेतलं, मग त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून तो ओरडला, की लेका, सरळ बस. बारदान घडी करून त्यानं भिकाच्या उजव्या मांडीशी कोंबलं, म्हणजे सरकायला नको. आणि स्वतः शेजारी बसून गाडी बाजाराकडं काढायला लावली. काय सांगावं, ज्या माणसानं चौदा वर्षांत कुणाला ओरखडा काढला नाही, त्यानं चार वेळा गाडी बंद पाडली आणि टोमॅटोच्या क्रेटांच्या थप्पीपासून हातभरावर कशीबशी थांबवली. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता.

"मिस्त्री, सरळ बसलं का पाय माझा ऱ्हात न्हाई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

गॅरेजवर परत येऊन सावळेरामनं ब्रॅकेट उतरवला. माणूस सरळ करण्यापेक्षा लोखंड सरळ करणं सोपं, एवढं त्याला वीस वर्षांत कळलं होतं. डावा कान ठोकून जागेवर आणला. दोन्ही कानांच्या मधून जाड नळी आडवी घालून पक्की वेल्ड केली, म्हणजे कान फाकायचं नाव नको. त्या नळीत लांब पितळी बुश बसवला. डाव्या कानापासून बाजूच्या दणकट भागापर्यंत तिरका टेकू दिला आणि पत्र्याच्या मागून दुसरी प्लेट लावून बोल्ट आवळले. पेडल हातानं डावीकडं रेटून पाहिलं. ढिम्म. मग भिकाला त्याच्या मनासारखं, दाराला टेकून, शंभर वेळा दाबायला लावलं. कुठं कुरकुर नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ आला आणि आल्या आल्या त्यानं विचारलं, दोष कुणाचा.

"माझा," सावळेराम म्हणाला. "दोनदा मजबुती चुकीच्या बाजूला दिली." हे शब्द त्याला कडू औषधासारखे गिळावे लागले. आणि ते सगळंच काही खोटं नव्हतं.

आदेशशेठ तापला. घाटात तुटलं असतं तर, म्हणाला. यापुढं गाडी इथं यायची नाही, आणि आपले ट्रॅक्टरही येणार नाहीत. सावळेरामनं मान खाली घालून हात पुसायला घेतले.

"मिस्त्रींचं काय चुकलं न्हाई, शेठ," मागून भिका बोलला. "मी कडंला बसतो. पाय तिरका पडतो."

"कडेला? का?"

"चौदा वर्षं डाव्या अंगाला पाशिंजर असायचं. त्याला जागा द्यावी लागायची."

"आता कोण असतंय तिथं?"

"कोणच न्हाई. पण अंगाला कळत न्हाई त्ये."

सावळेरामनं मनात कपाळावर हात मारला. गेली या गाढवाची नोकरी. शेठनं दार उघडलं आणि वाकून सीटची दबलेली उजवी कड बोटांनी चाचपली. मग त्यानं मिस्त्रीला विचारलं, आता हा असाच बसला तर टिकेल का. सावळेराम म्हणाला, टिकेल. दाराच्या बाहेर लोंबकळून चालवलं तरी टिकेल.

शेठनं चावी भिकाच्या हातात दिली आणि डावीकडं जाऊन बसला. भिकानं दोन्ही हातांनी डोळे पुसले. मग तोही बसला, तसाच, दाराला टेकून, कंबर वाकडी करून.

"भिकाभाऊ," शेठ म्हणाला, "सरका की जरा इकडं. जागा हाय."

भिका लाजला आणि बोटभर सरकला.