तहानीचं पातेलं

मेलेल्या बाईचा हेवा कशाला करायचा, असं म्हणणाऱ्यांनी एकदा विदादच्या स्वयंपाकघरात येऊन उभं राहावं. तिथं कपाटाच्या माथ्यावर एक पातेलं बसलेलं असायचं. ॲल्युमिनियमचं, बुडाला पोचे आलेलं, एक कान वाकडा. तहानीचं पातेलं. तहानी म्हणजे नवऱ्याची पहिली बायको. तिला जाऊन पाच वर्षं झाली, विदादला या घरात येऊन दोन. पडदे बदलले, गाद्या बदलल्या, पातेलं हललं नाही. ते टाकायची गोष्ट काढली की फव्वाज, विदादचा नवरा, म्हणायचा, "राहू दे गं. काय खायला मागतंय का?"

इर्बिद शहरातल्या त्या गल्लीत बाईला पहिल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. तहानी 'उम्म लुब्ना' म्हणून जगली, लुब्नाची आई. विदादला मूल नाही, म्हणून ती नुसती विदाद. आणि नवऱ्याला हाक मारायची तर 'अबू लुब्ना', लुब्नाचे वडील. आपल्याच नवऱ्याला बोलवायचं आणि तोंडात सवतीची लेक! गल्लीत कुणाला यात काही वावगं वाटत नसे. विदादला मात्र दर हाक टोचायची.

आज तीच लुब्ना जेवायला येणार होती. लग्न होऊन झरक्याला गेलेली, बापाच्या दुसऱ्या लग्नानंतर पहिल्यांदाच या घरात. आणि फर्माईश काय, तर मकलूबा. खाली बीफचे तुकडे, त्यावर तळलेली वांगी आणि फ्लॉवर, वर तांदूळ. शिजलं की अख्खं पातेलं परातीत उपडं करायचं. भात बुरुजासारखा उभा राहिला तर बाई जिंकली, ढासळला तर गेली.

विदादची आजवर चार वेळा ढासळली होती.

"मागच्या खेपेला तर मला वाटलं परातीत भूकंप झाला," नणंद म्हणाली. उम्म हानी. वरच्या मजल्यावर राहायची, पण बसायला कायम विदादच्या स्वयंपाकघरात. "तहानीची कशी उभी राहायची! सुरीनं कापावी लागायची. अल्ला तिला जन्नत देवो, काय हात होता!"

"हो, ऐकलंय," विदाद म्हणाली. वांग्याचे काप तेलात सोडताना तिनं मुद्दाम उंचावरून सोडले. तेल उडालं.

"अगं भाजशील! आणि हे काय, नवं भांडं? न चिकटणारं? छे छे. तहानीचं पातेलं काढ. त्यात केलीस तरच उभी राहील. पोरगी एवढ्या लांबून येतेय, तिला काय ढिगारा खायला घालणार आहेस?"

विदादनं नवं भांडं धुऊन पुसून ओट्यावर ठेवलं होतं. आठ दिवसांपूर्वी, याच दिवसासाठी आणलेलं. तिनं ते उचललं आणि ओट्याखाली सारलं. मग स्टुलावर चढून तहानीचं पातेलं खाली काढलं. हरणं म्हणजे काय ते तिला त्या स्टुलावर कळलं.

त्या पातेल्यात तिनं टोमॅटोच्या चकत्या लावल्या. दालचिनी-वेलदोड्यात दोन तास उकडलेलं मांस रचलं, वांगी, फ्लॉवर, भिजवलेले तांदूळ, वरून मांसाचाच रस्सा. लावताना एकच विचार चालू होता. या बुडाला तिचीही बोटं लागली असतील. याच पातेल्यातलं खाऊन तो तिच्याकडं बघत असेल. माझ्याकडं बघतो तो काय, टीव्हीवरून नजर काढून, मीठ मागायला.

सूर्य मावळला. लुब्ना आली, गालाला गाल लावून "कशा आहात, खाला?" म्हणाली. खाला म्हणजे मावशी. आवाज गोड होता, आणि त्याचाही विदादला राग आला. उम्म हानी नमाज पढायला आतल्या खोलीत गेली. ती यायच्या आत बुरूज उभा करायचा म्हणून विदादनं गॅस बंद केला, पातेल्यावर परात ठेवली आणि दोन्ही हातांनी उचलू लागली.

"थांब!"

दारात फव्वाज. दिवसभर टायरच्या दुकानात बसणारा, घरी आला की स्वतःचा चहासुद्धा न करणारा फव्वाज.

"आत्ता उलटलीस तर गेलीच समज. ठेव खाली." त्यानं परात बाजूला केली, वाकला आणि पातेल्याला कान लावला. अगदी जवळ, तापलेल्या ॲल्युमिनियमपासून बोटभर अंतरावर. "ऐक. बूड अजून कुरकुरतंय. गप्प झालं पाहिजे." फडकं ओलं करून त्यानं बुडाखाली सरकवलं आणि डोळे मिटून उभा राहिला.

दहा मिनिटं गेली. मग त्यानं परात झाकली, एका झटक्यात सगळं उलटं केलं, लाकडी चमच्यानं बुडावर तीनदा ठोकलं, आणि पातेलं वर उचललं, सावकाश, झोपलेल्या पोराच्या अंगावरची चादर काढावी तसं.

मकलूबा उभी होती.

विदाद त्याच्या हातांकडं बघत होती. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

फव्वाज हात पुसू लागला. पुसून झाले तरी पुसतच राहिला.

"खाला, तुम्हाला सांगितलं नाही बाबांनी?" लुब्ना हसली. "आईला साधं अंडं उकडता यायचं नाही! मकलूबा कायम बाबाच करायचे. वरच्या मजल्यावर आजी होती ना, तिनं आणि आत्यानं बघितलं असतं तर गल्लीभर तमाशा. म्हणून खिडकी बंद. आई इथं स्टुलावर बसून शाळेच्या वह्या तपासायची, पोरांची येडी उत्तरं मोठ्यानं वाचायची, आणि बाबा वांगी तळता तळता हसायचे. इतके, की एकदा फ्लॉवर जळाला."

विदादला आधी वाटलं, सुटले. दोन वर्षं जिच्या हाताचा धाक बाळगला, तिला हातच नव्हता! तिलाही हसू फुटलं.

पण हसू ओठावर येईपर्यंत तिला ते स्टूल दिसलं. ज्यावर ती मघाशी चढली होती तेच. त्यावर बसलेली तहानी दिसली, मांडीवर वह्या, आणि चुलीपाशी घामाघूम होऊन हसणारा हा माणूस. माझ्यासाठी हा दोन वर्षांत गॅसची काडीसुद्धा ओढून उभा राहिला नाही. चार वेळा माझा भात ढासळला, हा मुकाट्यानं चमच्यानं खात राहिला. याला ठाऊक होतं! कान लाव, एवढं सांगायला काय जात होतं याचं?

हाताच्या चवीचा हेवा परवडला. ती शिकता तरी येते.

उम्म हानी आली आणि परात बघून तिनं छातीवर हात मारला. "उभी राहिली! बघ, सांगत नव्हते? तहानीचं पातेलं! अजून तिचा हात आहे त्यात."

"तहानीचा नाही," विदाद म्हणाली. "तुमच्या भावाचा. आधीही त्याचाच होता. वीस वर्षं तुम्ही भावाच्या हातची मकलूबा खाल्लीत आणि वहिनीला दुवा दिलीत."

उम्म हानी भावाकडं वळली. "फव्वाज? तू? ओट्यापाशी?"

फव्वाज खाली मान घालून बसला. कान लालबुंद.

"ती गेल्यावर नाही जमलं मला," तो हळूच म्हणाला. "गॅसपाशी उभं राहिलं की..."

"की ती आठवते," विदादनं वाक्य पुरं केलं. तिला त्याची दया आली नाही. खोटं कशाला बोला, नाहीच आली. "आठवू दे. पुढच्या शुक्रवारी तुम्हीच करायची. माझ्यासाठी."

पुढच्या शुक्रवारी त्यानं वांगी चिरली. तेल तापलं तसा त्याचा हात सवयीनं खिडकीकडं गेला. विदादनं स्टूल उचलून खिडकीपाशी रोवलं आणि उघड्या पल्ल्याला पाठ लावून बसली.

"अगं, लोक बघतील."

"बघू द्या. तिच्यासाठी बंद करून केलीत ना? माझ्यासाठी उघडी ठेवून करा."

समोरच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "अबू लुब्ना, काय हे! बायकोनं कामाला लावलं वाटतं?"

फव्वाजनं झारा तसाच धरून ठेवला. मग काप उलटले. विदादच्या मांडीवर वह्या नव्हत्या, वाचून हसवावं असं तिच्यापाशी काही नव्हतं. ती हात बांधून बसली, आणि तो एकदा तरी हसतो का, ते बघत राहिली.