माणशी एक पूर्णांक सहा दशांश रोडगे

तांबखेडीच्या खंडोबाच्या जत्रेत रोडगे पुरले, असं एक साल दाखवा म्हटलं, तर गावातल्या म्हाताऱ्यांनाही दाखवता आलं नसतं. दरवर्षी कमी. आणि कमी पडायचे कोणाला? पहिल्या पंगतीच्या पाहुण्यांना नाही, देवळीहून आलेल्या व्यापाऱ्यांना नाही, गावच्या बाप्या माणसांनाही नाही. कमी पडायचे शेवटच्या पंगतीला, म्हणजे बायांना. त्यातही ज्या बाया पहाटेपासून गोवऱ्यांच्या धगीपुढे बसून कणकेचे ते गोल रोडगे भाजायच्या, त्यांच्या पानावर वांग्याची भाजी आणि पातळ वरण. वाढणारा आपला असला की पंगतीत कुठंही बसावं, असं लोक म्हणतात. म्हणायला काय जातं? इथं वाढणारे सगळे त्यांचेच नवरे, दीर आणि भाऊ होते, तरी बायांपर्यंत टोपली यायची ती रिकामीच.

नलू या गावची सून. माहेर बोरगाव मेघेचं, गावच्याच शाळेत मास्तरीण, नवरा पुलगावला नोकरीला. सासरे महादेवराव जत्रा कमिटीचे अध्यक्ष, आणि सासू आनंदाबाई म्हणजे रोडग्यांच्या भट्टीची मालकीण. मालकीण म्हणायची आपली. अठ्ठ्याहत्तर सालच्या चंपाषष्ठीला ही मालकीण भट्टीपाशीच चक्कर येऊन पडली. सकाळपासून पोटात घोटभर चहा, दुसरं काही नाही. कोणी कांदा हुंगवला, कोणी तोंडावर पाणी मारलं. आनंदाबाई उठून बसल्या, पदर सारखा केला आणि पुन्हा चिमट्यानं रोडगे उलटायला लागल्या.

"आत्याबाई, एक रोडगा खाऊन घ्या ना," नलू म्हणाली.

"येडी झाली का वं? पंगती उठल्याबिगर कसा खाऊ? लोकायच्या तोंडात पडला म्हंजे देवाले पावला. माह्या उपासानं काई मरत नाई मी."

नलूच्या अंगाचा तिळपापड झाला. पण सासूवर चिडून करायचं काय? ती पाय आपटत देवळामागं गेली. तिथं पहिल्या पंगतीच्या पत्रावळ्यांचा ढीग पडला होता आणि गावची कुत्री रोडगे खात होती. तुकडे नव्हे, चांगले अर्धे-अर्धे आणि काही तर सबंध. एका कुत्र्याला तर तेही जड झाले होते. तो रोडगा तोंडात धरून नुसता बसला होता.

तिथंच नलूनं ठरवलं की पुढच्या जत्रेत आत्याबाईंच्या पानावर रोडगा पडला पाहिजे. ऊन-ऊन, तुपाचा, पोटभर. त्यासाठी घरात भांडण झालं तरी चालेल, गावात नाव निघालं तरी चालेल.

आता, तांबखेडीत जेवणारी माणसं मोजत नाहीत. खाणाऱ्याचं तोंड मोजलं की अन्नाची बरकत जाते, असा जुना समज. म्हणून इतकी वर्षं कोणी मोजलंच नव्हतं. बापूजी म्हणून गावातले सगळ्यात वडीलधारे, ते आभाळाकडे बघून सांगायचे की यंदा इतके मण गहू दळा. नलूनं पदर खोचला, कुत्री हाकलली आणि ढिगातली दर दहावी पत्रावळ बाजूला काढायला सुरुवात केली. उरलेले तुकडे जोडून जोडून त्यांचे सबंध रोडगे लावले.

भट्टीवरच्या देवकाबाई राख टाकायला आल्या, त्यांनी कपाळाला हात लावला. "काय करून राह्यली वं मास्तरीणबाई? लोकायचं उष्टं काऊन चिवडून राह्यली?"

"तोंडं नाई मोजत मावशी. पत्रावळ्या मोजतो."

देवकाबाईंनी ही बातमी सगळ्या भट्टीला सांगितली, आणि मास्तरणीचं डोकं फिरलं असं पुढं महिनाभर गावात चाललं. चालू द्या. गावाला तोंडी लावायला काहीतरी लागतंच.

एकोणऐंशीच्या जत्रेआधी कमिटीची बैठक खंडोबाच्या सभामंडपात बसली. नलू शाळेतला फळा घेऊन आली. वर्गणीदारांची नावं लिहायला आणला असेल, असं महादेवरावांना वाटलं, म्हणून ते काही बोलले नाहीत. बाया रिवाजाप्रमाणे खांबांमागे उभ्या होत्या, त्यात आनंदाबाईही होत्या. नलूनं डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि फळ्यावर तीन आकडे लिहिले. २.५, १.६ आणि ०.९.

"मामाजी, आपल्या इथं पहिल्या पंगतीच्या पानावर अडीच रोडगे वाढायचा मान आहे. दोन सबंध, वर अर्धा. म्हणजे दोन पूर्णांक पाच. त्यातला शून्य पूर्णांक नऊ पानावरच राहते अन् उकिरड्यावर जाते. माणूस खाते एक पूर्णांक सहा. हे मी चाळीस पानांवरून काढलं. दर दहावं पान पाहिलं, म्हणून चाळीस, पंगत चारशेची."

"एक पूर्णांक सहा रोडगे," महादेवराव मोठ्यानं म्हणाले. "अन् तो सहा दशांश कोणाच्या तोंडात जाते, सूनबाई? दातानं तोडून मोजून देते का माणूस?"

सभामंडप खो-खो हसला.

नलू हसणं थांबेपर्यंत उभी राहिली. "कोणी एक खाते, कोणी दोन, कोणी दीड. सगळ्यांचं सारखं वाटून पाहिलं तर इतकं येते. आता हे पाहा. चारशे पानं, पानामागे शून्य पूर्णांक नऊ. तीनशे साठ रोडगे कुत्र्यांनी खाल्ले. बायांच्या पंगतीच्या पत्रावळ्या दोनशे वीस. त्याले एक पूर्णांक सहानं गुणलं तर तीनशे बावन्न." तिनं खडू खाली ठेवला. "रोडगे कमी नाई पडत. फेकले जातात."

मग बापूजी खाकरले. म्हातारा खवट होता, पण मूर्ख नव्हता.

"पोरी, रोडगा म्हन्ते तो कोणाचा? देवकाचा रोडगा नारळाएवढा, तुह्या सासूचा लिंबाएवढा. एक पूर्णांक सहा कोणाचे धरले तू?"

झालं. खरंच की, नलूनं सगळे रोडगे एकाच मापाचे धरले होते आणि भट्टीवरच्या बारा बायांच्या हातचे बारा आकार विसरली होती. ज्या भट्टीपुढे सासू जळत होती, त्या भट्टीतला साधा फरक आपल्याला दिसला नाही, याची तिला भर सभेत लाज वाटली.

"मंग ठरलं," महादेवराव म्हणाले. "यंदा दोन मण गहू जास्तीचा दळा. पाव्हण्याच्या पानावर अडीच पडलेच पाहिजे. तांबखेडीची इज्जत हाय ते. फळा शाळेत नेऊन ठेव, सूनबाई."

दोन मण जास्तीचा! म्हणजे त्याच बाया, तीच धग आणि भाजायला आणखी दोन मण. दरवर्षी असंच व्हायचं. पीठ वाढायचं, ढीग वाढायचा, कुत्री माजायची.

घरी आल्यावर आनंदाबाई चुलीपाशी बसून भाकरी थापत होत्या. नलू वाटच बघत होती की आता बरकतीवरून कानउघाडणी होणार. दुसरी भाकरी तव्यावर पडली तेव्हा त्या म्हणाल्या, "तीनशे साठ?"

"हो."

"कुत्र्यानं खाल्ले?"

"मी डोळ्यानं पाहिले आत्याबाई."

"मले वाटे देवाच्या दारी लोकं पोटभर जेवून राह्यले, म्हून आपल्याले उरत नाई. म्या तर त्यातच समाधान मानलं." त्यांच्या हातातला भाकरीचा गोळा परातीत तसाच राहिला. "माहे हात भाजले ते कुत्र्यासाठी?"

रडल्या असत्या तर नलूला बरं वाटलं असतं. त्या रडल्या नाहीत. उठल्या आणि फडताळातून पितळेची एक वाटी काढून त्यांनी नलूपुढे आदळली.

"ह्या वाटीनं कणीक घेऊ. एक वाटी, एक रोडगा. देवकाचाबी तेवढाच अन् माहाबी तेवढाच. मंग सांगजो बापूजीले, कोणाचा रोडगा ते."

"पण तोंडं मोजू नये म्हणता ना तुम्ही?"

"तोंडं कोण मोजते? मी कणीक मोजून राह्यलो."

चंपाषष्ठीला पहाटे गोवऱ्या पेटल्या. देवकाबाईंना वाटीचं माप जड गेलं. इतक्या वर्षांचा हात, तो नारळच वळायचा. आनंदाबाई त्यांचा गोळा उचलून वाटीत दाबायच्या आणि जास्तीची कणीक परत परातीत टाकायच्या. देवकाबाई कुरकुरल्या, मग त्यांनाही ते साधलं. नलूनं हिशोब सोपा करून सांगितला होता: पंगतीची ओळ वीस पानांची, पानावर दीड, म्हणजे तीस, आणि दर दहा पानांमागे एक जण आणखी मागतो, म्हणून दोन वर. एका ओळीला बत्तीस रोडग्यांची टोपली, त्याच्या वर एक नाही. बायांच्या वाट्याच्या टोपल्या भट्टीवरच्या बारा जणींनी लुगड्याखाली झाकून भट्टीमागे ठेवल्या. जास्तीचं दोन मण पीठ पोत्यातून निघालंच नाही.

देवाला नैवेद्य दाखवला गेला, आणि भट्टीसमोरच्याच पटांगणात पहिली पंगत बसली. वाढपी टोपल्या घेऊन गेले आणि रिकाम्या घेऊन आले. "अजून द्या" म्हणाले. "एका ओळीले एक टोपली," देवकाबाई म्हणाल्या. बारा बायांनी तेच सांगितलं. वाढपी बुचकळ्यात पडले, कारण पंगतीत तर कोणी ओरडत नव्हतं. दीड खाऊन ज्यांना हवा होता त्यांना मिळत होता, बाकीचे हात धुवायची वाट बघत होते.

ओरडलं कोण? महादेवराव. कारंज्याहून आलेल्या त्यांच्या लेकीकडच्या व्याह्यांच्या पानावर दोन सबंध आणि वर अर्धा असा डोंगर दिसला नाही, तसे ते तडक भट्टीवर आले. फेट्याचा शेमला खांद्यावरून खाली आलेला, चेहरा लाल.

"पाव्हण्यापुढं माहं नाक कापता का? त्या झाकल्या टोपल्या काढा."

नलू आडवी आली. "मामाजी, त्या मोजलेल्या आहेत. बायांच्या पंगतीच्या."

"सरक. तुहा फळा शाळेत चालते, इथं नाई." त्यांनी तिला वळसा घातला, लुगडं बाजूला केलं आणि एक टोपली उचलली.

नलूला काय करावं सुचेना. सासऱ्याच्या हातातून टोपली ओढायची? गावासमोर? तेही करायची तिची तयारी होती, तिनं हात पुढे केलाही. तेवढ्यात मागं पत्रावळीचा आवाज झाला.

आनंदाबाईंनी भट्टीपुढच्या राखेच्या कडेला पत्रावळ मांडली होती आणि त्या मांडी घालून बसल्या होत्या. निखाऱ्यातून एक रोडगा त्यांनी चिमट्यानं ओढला, फडक्यानं पुसला, फोडला, वरण ओतलं आणि पहिला घास तोंडात घातला. नवऱ्याच्या आधी, पहिली पंगत उठायच्या आधी, जन्मात पहिल्यांदा. ऊन होता, तोंड भाजलं असेल. त्यांनी दुसरा घास घेतला.

देवकाबाईंनी एकदा महादेवरावांकडे बघितलं आणि आपली पत्रावळ घेतली. मग बाकीच्या. बघता बघता बाराही जणी ओळीनं बसल्या, आणि त्यांचं बघून खांबांमागच्या गावच्या बायाही पुढं सरकल्या.

"हे काय मांडलं? उठा," महादेवराव म्हणाले.

पहिल्या पंगतीतून बापूजींचा आवाज आला. हात वरणानं भरलेला, पण म्हातारा ताठ बसला होता. "महादेवा, पानावर बसलेल्या माणसाले उठवत नसते. वैऱ्यालेबी नसते उठवत. ध्यानात ठेव."

तांबखेडीचा हा रिवाज जत्रेपेक्षा जुना. तो मोडायची हिंमत महादेवरावांत नव्हती. चारशे माणसं पानावरून मान वर करून बघत होती, व्याही बघत होते, आणि अध्यक्ष बायांच्या पंगतीपुढं भरली टोपली घेऊन उभे होते.

आनंदाबाईंनी घास गिळला. आवाज चढवला नाही, पण तो सगळ्यांना ऐकू गेला.

"अजी, टोपली हातात हायेच, तं वाढा."

महादेवरावांची नजर पंगतीवरून फिरली, एकेका रिकाम्या पानावरून, आणि शेवटी बायकोच्या पानावर थांबली. टोपली खाली ठेवली तर लाज, घेऊन गेले तर त्याहून मोठी. ते वाकले. देवकाबाईंच्या पानावर त्यांनी एक रोडगा ठेवला, दुसरा ठेवला, आणि सवयीनं अर्धा मोडायला हात टोपलीत घातला.

"दीड," आनंदाबाई म्हणाल्या.

महादेवरावांनी देवकाबाईंच्या पानावरचा दुसरा रोडगा उचलला, मोडला, अर्धा परत टोपलीत टाकला आणि पुढच्या पानाकडे सरकले.