एक्केचाळीस नंबरची नळी

"मावशी, एक्केचाळीस नंबरच्या नळीतून लावलेली ही शेवटची प्लेट. हिच्यातही जिवाणू नाहीत, नुसती बुरशी आली," दीपाली मॅडम म्हणाल्या.

रुक्मिणबाईंनी प्लेट उजेडात धरली. बावीस वर्षं लातूरच्या त्या प्रयोगशाळेत काचा धुतलेल्या बाईला हे सांगायची गरज नव्हती, पण आशा मेली सुटत नाही.

एक्केचाळीस नंबरच्या नळीतले जिवाणू त्यांच्याच चाकूरच्या रानातले. दुष्काळात सगळ्या शिवाराची ज्वारी करपली आणि त्यांच्या नवऱ्याचा, व्यंकटीचा, एक पट्टा तेवढा हिरवागार राहिला. प्रयोगशाळेतले जुने साहेब धाटं घेऊन गेले. वरून औषधानं धुतली, चिरली आणि आतून हे जिवाणू काढले. धाटाच्या आत राहतात, पीक वाढवतात, म्हणाले. झालं. व्यंकटी महिनाभर गावात सांगत सुटला, "माज्या ज्वारीच्या पोटात लेकरं हायती."

पुढं रान रस्त्यात गेलं. सहा वर्षांपूर्वी व्यंकटीही गेला. नळी राहिली. दर महिन्याला त्यातलं जरासं नव्या नळीत पालटायचं, घरचं विरजण राखावं तसं. या कामाला रुक्मिणबाई कुणाला हात लावू देत नसत. यंदा लेकीच्या बाळंतपणाला दोन महिने नांदेडला काय गेल्या, इकडं फ्रीज बंद पडला, नळी नासली आणि कुणाच्या गावीही नव्हतं.

"त्या ज्वारीचं बी आहे का घरी?" मॅडमनी विचारलं. "बियाच्या आतही असतात हे. मूठभर मिळालं तरी बघता येईल."

रुक्मिणबाईंनी हातातली प्लेट खाली ठेवली.

"होतं की. डबाभर होतं."

"मग?"

"मालकाच्या वर्षश्राद्धाला दळलं. त्यास्नी आपल्याच रानाची भाकर लागायची. म्हनलं, नळी हाय की हापिसात."

मॅडम म्हणाल्या, "ही नळी साफ करायचं दुसऱ्या कुणाला सांगते."

"न्हाई. माजंच काम हाय ते."

खराब नळी आधी वाफेत उकडायची, मग धुवायची, हा तिथला नियम. रुक्मिणबाईंनी नळी वाफेच्या भांड्यात ठेवून झाकण आवळलं आणि वाफ निवेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. आपल्याच हातानं नवऱ्याचं शेवटचं संपवलं, हेच मनात घोळत होतं. डोळे भरले ते त्यांनी दंडाला पुसले.

नळीवर जुन्या साहेबांनी दिलेल्या नावाची चिठ्ठी होती : व्यंकटी, चाकूर. ती नखानं खरवडून काढली. नळी घासली आणि बाकीच्यांबरोबर उपडी घातली. सकाळी कॉलेजच्या पोरींचं प्रॅक्टिकल होतं, नळ्या कमी पडल्या असत्या.