नववी खुंटी आणि काकूंचं बोट

मी एक खुंटी आहे. कपडे टांगायची नव्हे हं! करंगळीहून लहान, गुळगुळीत, लाकडी. आम्ही नऊ बहिणी, आणि आमच्या पाटीला नऊ भोकं. पक्षाघाताचा झटका येऊन ज्यांचा हात लुळा पडला, त्यांनी आम्हाला एकेक उचलून दोन मिनिटांत भोकांत बसवायचं. कारखान्यात वाटलं होतं, खेळण्यांच्या पेटीत जाईन. आले इस्पितळात!

इथे नव्या औषधाची चाचणी चालू आहे. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. कुणाला काय मिळतं, ते रुग्णांना ठाऊक नाही, आमच्या सिस्टरांनाही नाही. गुण आला का, ते आम्ही सांगायचं.

शिंपीकाका आले तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीवर परक्यासारखा पडलेला. "सुईत दोरा ओवता आला की मी सुटलो," म्हणायचे. पहिल्या खेपेला जेमतेम तीन खुंट्या बसल्या. तिसऱ्या महिन्यात आठ! आणि मी, नववी, त्यांच्या चिमटीत थरथरत काठाशी अडकले. सिस्टरांची नजर घड्याळावर. तेवढ्यात एका बोटाने मला हळूच आत ढकललं. बोट त्यांच्या शेजारी बसलेल्या काकूंचं, त्यांच्या बायकोचं.

"नऊ! शाब्बास काका," म्हणत सिस्टरांनी लिहिलं.

काकू दारापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या. "ताई, ते नऊ खोडा. शेवटची मी ढकलली. आज देवापुढे कुठल्या तोंडाने बसू?"

"चाळीस वर्षं शिवलं," काका फणकारले, "माझ्या कापडाला दुसऱ्याचा टाका लागू दिला नाही. हिने आज घातलाच!"

"अहो, तुमची धडपड बघवेना हो."

सिस्टर जवळ आल्या. "काकू, असे खोटे नऊ लिहिले, तर निकामी औषधही चांगलं ठरेल. मग ते घरोघरी जाईल, आणि लोक त्याच्या भरवशावर बसतील."

काकूंचा चेहरा एवढासा झाला. "यांना चाचणीतून काढाल?"

"छे हो! सांगितलंत ते बरं केलंत." सिस्टरांनी नऊवर एकच रेघ मारली, शेजारी आठ लिहिलं, सही केली, तारीख घातली.

पुढच्या खेपेला काकू स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसल्या. ओठ तेवढे हलत होते. आठ झाल्या. काकांनी मला उचललं, मी निसटले, पुन्हा उचललं. काठाशी आले. आणि टक्! मी आत.

"एक मिनिट बावन्न सेकंद!"

काकूंनी डोळे पुसले. "आता लावू का हात हिला?"

"आता लावा."

त्यांनी मला मुठीत धरलं. मूठ केवढी ऊबदार होती!

काकांना औषध मिळालं की साध्या गोळ्या, मला अजून माहीत नाही. चाचणी संपली की कळेल. बाहेर बाकावर दुसरं जोडपं बसलंय. त्यातल्या बाईंना एवढंच सांगेन, मला ढकलू नका. यजमानांच्या बोटांची वाट बघायला मला दोन मिनिटं आहेत, आणि ती पुष्कळ असतात.