गाठीतली नक्षी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. मुलुंडच्या एका तपासणी प्रयोगशाळेत खिडकीपाशी माझी जागा. रंग उडालाय, बाजूचं चाक कुरकुरतं. पण काच अजून निर्मळ आहे. संगणकाला जोडलेलं नवं यंत्र आलं तेव्हा मला कपाटात टाकणार होते. डॉक्टर मृणालिनींनी टाकू दिलं नाही.

मेंदूवर एक पातळ आवरण असतं. त्यालाही गाठ होते. ती बायकांत जास्त, मुलांत अगदी क्वचित, आणि वय वाढतं तशी अधिक आढळते. बहुतेक गाठी सौम्य असतात, सावकाश वाढतात. पुरुषांना कमी होते. पण झालीच तर जहाल असण्याचा संभव थोडा जास्त.

भांडुपच्या शेवंतीकाकूंच्या गाठीचा काप माझ्याखाली आला, गाठ सौम्य निघाली. वर्षभर डोकं दुखायचं, आणि काकू म्हणायच्या, उपासाचं पित्त आहे. शस्त्रक्रिया छान झाली. पण घरी जाताच त्यांनी जेवण सोडलं. चातुर्मासात त्या रोज देवापुढे रांगोळीनं गोपद्मं, गाईची पावलं, काढायच्या. गेल्या वर्षी गुडघा धरला, व्रत मोडलं. त्याचीच ही शिक्षा, असं त्यांनी मनाशी धरलेलं. टाके ओले, अंगात त्राण नाही आणि पोटात नुसतं पाणी. घाबरून त्यांचे यजमान सहदेवकाका त्यांना डॉक्टर मृणालिनींकडे घेऊन आले.

डॉक्टरांनी वयाचं, बाईपणाचं सगळं समजावलं. मग हळूच म्हणाल्या, "काकू, तुमच्या वयाच्या कितीतरी बायकांना ही गाठ होते. त्या सगळ्यांनी गोपद्मं चुकवली का हो?"

काकूंनी काकांकडे पाहिलं.

"आणि मला झाली असती तर?" काकांनी विचारलं.

"पुरुषांची कधीकधी जहाल निघते."

"ह्यांचं डोकं जहालच आहे," काकू पुटपुटल्या. "लग्नापासून बघतेय मी."

डॉक्टर हसल्या. त्यांनी काकूंच्याच गाठीचा काप माझ्याखाली ठेवून त्यांना माझ्यापाशी बसवलं. काकूंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि डोळा लावला. आत जांभळे-गुलाबी भोवरे, एकाला लागून एक, कुणी चिमटीनं रेखल्यासारखे.

"अगो बाई," त्या म्हणाल्या, "शिक्षाच करायची होती, तर देवानं एवढी नाजूक रांगोळी कशाला घातली असती?"

मग काकांना म्हणाल्या, "पेज आणलीय ना डब्यात? द्या इकडे."

मित्रांनो, घरात कुणाचं डोकं सारखं दुखत असेल तर पित्त म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि आजारी माणसाला, तुझं काय चुकलं, असं विचारू नका. जेवलीस का, एवढंच विचारा.