वैशालीचं पाणी

सदुसष्ट साली वस्तीत देवीची साथ आली तेव्हा रुपरावांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना झापलं. रोगाला कोणी ‘माता’ म्हणायचं नाही, दाराला लिंबाचा पाला बांधायचा नाही, नारळ फोडायचा नाही. छप्पनला दीक्षा घेतली ती काय उगाच? गिरणीत साचा चालवणारा हा माणूस विहारात पाली ग्रंथ वाचायचा. त्याचा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती.

पण भ्यालेल्या माणसाला धरायला काहीतरी लागतंच. म्हणून रुपरावांनी ग्रंथातली वैशालीची गोष्ट काढली. नगरात महामारी आली, बुद्धवचनाचं सुत्त म्हटलं, पाणी शिंपडलं, रोग पळाला. झालं! तीन संध्याकाळी पाठ झाला, मनगटाला पांढरे दोरे आले, घरोघरी तांब्यातून पाणी गेलं. मातेला उठवून तिच्याच पाटावर आपण बसलो, हे रुपरावांना कळत नव्हतं असं मुळीच नाही.

चौथ्या दिवशी देवी टोचणारे सरकारी लोक आले. शेजारच्या कौसल्येनं आपल्या चार वर्षांच्या पुष्पलताला आत ओढलं आणि आमच्याकडे पाठ झाला आहे, म्हणून सांगितलं. रुपराव तिथेच उभे होते. त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

पंधरवड्यात पोरीला देवी आल्या. जीव वाचला, दोन्ही डोळे गेले.

कौसल्या तिला घेऊन रुपरावांच्या घरी आली, तेव्हा त्यांना वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. ती मान खाली घालून म्हणाली, “भाऊ, तुमच्या घरी कोनाले काही झालं नाही. माहीच श्रद्धा कमी पडली.”

रुपरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली. दंडावर टोचल्याचे व्रण होते, अजून लालसर. पाठाच्या आधीच गिरणीच्या दवाखान्यात त्यांच्या अख्ख्या घरानं टोचून घेतलं होतं, तेही त्यांनी सांगून टाकलं.

तिनं आधी त्या दंडाकडे, मग पोरीकडे बघितलं.

“मंग त्या दिवशी काहून नाही सांगतलं?”

खोटं बोलायची सोय होती. पण आता तेवढंही बळ उरलं नव्हतं.

“लोकं माह्या पाया पडून राहिले होते, कौसल्या. मले बरं वाटून राहिलं होतं.”

कौसल्येनं उठून पोरीचा हात धरला.

“उंबरठा हाय, बाई. पाय उचल.”

पुष्पलतानं पाय जरा जास्तच उंच उचलला.