बेलवेदरची घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. शाळेची नव्हे, दारावरचीही नव्हे, मेंढ्याच्या गळ्यातली. नाक मुरडू नका, मित्रांनो! माझ्यामुळे घडलेला एक शब्द थेट इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसला आहे: बेलवेदर. त्यातली 'बेल' म्हणजे मी. 'वेदर' म्हणजे खच्ची केलेला मेंढा. हवामानाशी त्याचा काही संबंध नाही. असा मेंढा शांत असतो, उगाच टकरा घेत नाही. म्हणून मेंढपाळ त्याच्या गळ्यात घंटा बांधत आणि सारा कळप तिच्या आवाजामागे चाले.

ओताऱ्याने मला ओतले, कानाशी धरून वाजवले आणि म्हणाला, "खणखणीत!" ते कौतुक मी अजून जपून ठेवले आहे. मेंढपाळाने मला म्हातारबाच्या गळ्यात बांधले. म्हातारबा हा त्याचा वेदर. कान फाटका, चाल संथ, पण वाट कधी चुकला नाही.

एकदा मेंढपाळ तापाने अंथरुणाला खिळला आणि कळप त्याच्या लेकीवर आला. त्या दिवशी मेंढरे बघायला गिऱ्हाईक यायचे होते.

"बाबा, म्हातारबाला कुठे शोभते ती? शिंगाळ्याला बांधते. कसला रुबाबदार दिसेल!"

"अगं, शोभेसाठी आहे का ती?" बाप आतून ओरडला. लेकीने ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि मला शिंगाळ्याच्या, म्हणजे कळपातल्या तरण्या, खच्ची न केलेल्या मेंढ्याच्या गळ्यात बांधले.

दुपारी डोंगरावर धुके उतरले. पलीकडून दुसऱ्या कळपातला मेंढा ओरडला. झाले! शिंगाळ्याचे डोके फिरले आणि तो टकरीसाठी सुटला, थेट दगडाच्या खाणीकडे. मी वाजत होते आणि बिचारी मेंढरे माझ्यावर भरवसा टाकून मागे येत होती. मला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली.

लेक त्याच आवाजाच्या रोखाने धावली. खाणीच्या काठाशी तिने शिंगाळ्याला शिंगांना धरून अडवले, माझा पट्टा सोडला आणि मला मुठीत गच्च आवळले. मी गप्प होताच कळप जागीच थांबला. मग तिने मला म्हातारबाच्या गळ्यात बांधले.

"चल रे राजा, तूच ने आता घरी," ती रडत म्हणाली.

म्हातारबा वळला, मी वाजले, कळपही वळला. एकही मेंढरू दगावले नाही. त्या दिवसाइतकी ताठ मान माझी पुन्हा झाली नाही.

आता मी त्या लेकीच्या घरी खुंटीवर असते. परवा तिच्या मुलीने पेपर वाचून दाखवला. "आई, ही कंपनी म्हणे बाजाराची बेलवेदर आहे. ही जाईल तिकडे बाकीच्या जाणार."

"जातील गं," आई म्हणाली. "पण घंटा कुणाच्या गळ्यात आहे, ते बघितलंय का कुणी?"

मित्रांनो, माझ्यावरची धूळ तेवढी पुसत जा. आवाज अजून खणखणीत आहे. पण नुसत्या आवाजामागे जाऊ नका. त्या धुक्यात, शिंगाळ्याच्या गळ्यातही, मी तितकीच गोड वाजत होते.